पिशवी काढल्यानंतरचा सव्वा महिना

गेल्या रविवारी आमच्या मजल्यावरची एक जण फाईल घेऊन आली. वय ४३, दोन मुलं, सकाळी दोन घरी पोळीभाजी करते आणि मग परळला एका ऑफिसात हाउसकीपिंगला जाते. दारातच उभी राहून हळूच म्हणाली, "वहिनी, पिशवी काढायला सांगितलीय." आत बोलावलं, चहा टाकला, फाईल उघडली. सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्ताचा रिपोर्ट आणि एका चिठ्ठीवर इंग्रजीत खरडलेलं एक लांबलचक नाव. तिचा पहिला प्रश्न ऑपरेशनचा नव्हताच, तिने विचारलं, "किती दिवसांनी पोळ्या लाटता येतील?"

मी डॉक्टर नाही, फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. पण मागच्या वर्षी माझी पिशवी काढली, तेव्हा मलाही असेच प्रश्न पडले होते आणि त्यांची उत्तरं अर्धी डॉक्टरांकडून, अर्धी चाळीतल्या आणि ट्रेनमधल्या बायकांकडून मिळाली. त्या दिवशी तिला दोन तास बसून जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतेय, कारण दर चार घराआड एका घरात हा विषय असतो आणि सगळीकडे तो कुजबुजूनच बोलला जातो.

टाकी आणि पंप

त्या चिठ्ठीवरचा शब्द होता हिस्टेरेक्टॉमी, म्हणजे गर्भाशय काढून टाकण्याचं ऑपरेशन. आपण त्याला पिशवी काढणं म्हणतो, इथून पुढे मी पण तेच म्हणते.

पिशवी म्हणजे आपल्या मुठीएवढा, उलट्या पेरूसारखा दिसणारा स्नायूंचा अवयव. तिचं खालचं निमुळतं टोक म्हणजे पिशवीचं तोंड. दोन्ही बाजूंना नळ्या, आणि नळ्यांच्या टोकांजवळ दोन ओव्हरी, म्हणजे बीजांडकोश. पिशवी आणि ओव्हरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण बायकांची निम्मी भीती या दोघींची गल्लत झाल्यामुळे असते.

आमच्या चाळीला खाली पंप आहे आणि गच्चीत टाकी. पंप चालतो तेव्हा टाकी भरते. ओव्हरी म्हणजे पंप, हार्मोन तिथे तयार होतात, आणि पिशवी म्हणजे टाकी. टाकी काढली म्हणून पंप बंद पडत नाही. नुसती पिशवी काढली आणि ओव्हरी ठेवल्या तर पाळी कायमची बंद होते, मूल होणार नाही, पण हार्मोन येत राहतात, शरीर एका रात्रीत म्हातारं होत नाही. फक्त ओव्हरीला जाणाऱ्या रक्ताचा काही भाग पिशवीच्या बाजूने येतो, त्यामुळे काही जणींची ओव्हरी एक-दोन वर्षं आधी थकते. पण दोन्ही ओव्हरी काढल्या तर मात्र पंपच गेला, त्याचं पुढे सांगते.

म्हणून ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच: नक्की काय काय काढणार? नुसती पिशवी, पिशवी आणि तोंड, नळ्या, की ओव्हरीसुद्धा? हल्ली नळ्या बऱ्याचदा काढतात, कारण ओव्हरीचा कॅन्सर म्हणतात त्यातला बराचसा नळ्यांमध्ये सुरू होतो, आणि नळ्या काढल्याने हार्मोनचं काही बिघडत नाही. ओव्हरी काढायच्या असतील तर का, हे समजून घ्यायचं. सही करायच्या फॉर्मवर सगळं लिहिलेलं असतं, पण आपण तो न वाचताच सही करतो, मीही तसंच करणार होते, माझ्या मुलीने माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि आधी मोठ्याने वाचून दाखवलं.

पण काढायलाच हवी का?

दरवर्षी ऊसतोडीच्या बातम्या आल्या की हा विषय परत वर येतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची चौकशी करायला सरकारने नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. दोन्हीकडचे वयोगट सारखे नसतील हे मान्य, तरी फरक अंगावर येतो. पाळीत मजुरी बुडू नये, खाडा पडून दंड बसू नये, आणि "पुढे कॅन्सर होईल" अशी भीती घातलेली, यामुळे त्या बायका तयार झाल्या होत्या. ५ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की विनाकारण पिशवी काढणं थांबवण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये काढलेले नियम तीन महिन्यांत लागू करा, देखरेखीला समित्या नेमा.

हे सगळं शेजारणीला सांगितल्यावर ती घाबरून म्हणाली, मग मी काढूच नको का? तसं नाही. कॅन्सर असेल, अंग फारच बाहेर येत असेल, किंवा औषधं करूनही रक्त थांबत नसेल तर पिशवी काढणं हाच खरा उपाय असतो. माझ्या पिशवीत फायब्रॉईड होते, म्हणजे स्नायूच्या गाठी, पिशवी "चौदा आठवड्यांची" झालीय असं रिपोर्टवर लिहिलेलं. (ते वाचून आमच्या ह्यांचा चेहरा उतरला होता. त्याचा अर्थ एवढाच की साडेतीन महिन्यांच्या गरोदरपणात पिशवी जेवढी वाढते तेवढी ती गाठींनी वाढलीय, डॉक्टर मापच तसं सांगतात.) हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं, करी रोडचा जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं. आधी रक्त कमी जाण्याच्या गोळ्या झाल्या, मग मिरेना बसवून पाहिली, म्हणजे कॉपर-टीसारखीच पण आतून हार्मोन सोडणारी, ती गाठींमुळे टिकली नाही, आणि मगच ऑपरेशन ठरलं. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

शेजारणीच्या रिपोर्टवरही गाठीच आहेत, तर तिला मी एवढंच म्हटलं की तुझं अजून यातलं एकही झालेलं नाही. गोळ्या नाहीत, मिरेना नाही, नुसत्या गाठी काढता येतील का हे कोणी पाहिलेलं नाही, गाठींचा रक्तपुरवठा बंद करायचा उपाय असतो तो कोणी सांगितलेला नाही. पाळी जायला आली असेल तर नंतर गाठी आपोआप आकसतात सुद्धा. आणि फायब्रॉईडमध्ये कॅन्सर निघणं फार म्हणजे फारच क्वचित. दुसऱ्या डॉक्टरला फाईल दाखव, आपल्याकडे केईएम आहे, वाडिया आहे, नायर आहे, कामा तर १८८६ पासून बायका-मुलांसाठीच आहे. दुसरीकडे दाखवणं म्हणजे पहिल्या डॉक्टरचा अपमान नाही.

"दुर्बिणीतून आहे, म्हणजे किरकोळच"

पिशवी तीन वाटांनी काढतात. पोटावर आडवा किंवा उभा काप देऊन, खालून म्हणजे योनीमार्गातून, किंवा पोटाला तीन-चार छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून. खालून आणि दुर्बिणीतून केलं तर एक-दोन दिवसांत घरी पाठवतात, दुखणंही कमी असतं, काही जणी दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी हिंडाफिरायला लागतात. पोटावरून केलं तर तीन-चार दिवस हॉस्पिटल आणि पुढे सहा ते आठ आठवडे. कोणती वाट घ्यायची हे पिशवी केवढी आहे, आधीची सिझेरियन झालीत का, यावर ठरतं. माझं पोटावरून झालं.

पण आत जे होतं ते तिन्ही वाटांनी जवळजवळ सारखंच. पिशवी तोंडासकट काढली की योनीचं वरचं टोक उघडं राहतं, ते गोणीचं तोंड शिवतात तसं टाके घालून बंद करतात. ते टाके कोणाला दिसत नाहीत, आपल्यालाही नाही. बाहेर तीन बारीक डाग असोत की वीतभर काप असो, ती आतली शिवण सारखीच कच्ची असते. दुर्बिणीवाल्या बायकांचं म्हणूनच जास्त फसतं, पाचव्या दिवशी त्या ठणठणीत दिसतात, आणि घरातलेही म्हणतात, झालीस की बरी!

नव्या इमारतीचा स्लॅब टाकतात बघा. दुसऱ्या दिवशी त्यावर उभं राहता येतं इतका तो वरून कडक असतो, पण खालचे टेकू कोणी काढत नाही, पाणी मारत राहतात, कारण काँक्रीटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस तरी धरतात. आपल्या टाक्यांचंही तेच. जखम वरून दहा-बारा दिवसांत मिटते, पण तीन महिन्यांनीसुद्धा तिथली ताकद मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपासच आलेली असते. पहिले सहा आठवडे हे टेकू न काढायचे दिवस.

जड म्हणजे किती?

माझ्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ होती, जड वजन उचलू नये. बस्स. जड म्हणजे किती, कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, वाटलं जड म्हणजे सिलिंडर, गोणी वगैरे, ते मी एरवी पण उचलत नाही. घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नळाला पाणी आलं आणि सवयीने हात कळशीकडे गेला. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी गॅलरीतून बघत होत्या. त्या ओरडल्या, "ठेव ती खाली!" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

आजींची पिशवी पस्तीस वर्षांपूर्वी काढलेली. नवव्या दिवशी त्या पाण्याला उभ्या राहिल्या, टाका उसवला, पुढे हर्निया झाला, त्याचा पट्टा त्या आजही बांधतात. त्या दिवशी त्यांनी नातवाला खाली पिटाळलं आणि रद्दीवाल्याकडून ताणकाटा मागवला, तोच हुकवाला, रद्दीचे गठ्ठे लटकवायचा. मग माझ्या स्वयंपाकघरातली एकेक वस्तू त्याला टांगून मोजली. भरलेली कळशी साडेआठ किलो. दळणाचा डबा सहा. डाळ-भाताची भांडी आणि पाणी घालून कुकर पावणेपाच. पिळलेल्या चादरींची बादली अकराच्या वर, मला ती कधी जड वाटलीच नव्हती. माझी ऑफिसची पर्स, डबा-बाटली-छत्रीसकट, साडेतीन. डॉक्टरांना फोन करून आकडा विचारला, ते म्हणाले सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही नको. आजींनी टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि चार किलोच्या वरच्या प्रत्येक वस्तूला एक लाल टिकली चिकटवली. कळशीला, डब्याला, बादलीला, कुकरच्या झाकणाला, गुंडाळलेल्या गादीलासुद्धा. ज्याला टिकली, त्याला मी हात लावायचा नाही. माझ्या नवऱ्याला जे दहा वेळा सांगून कळलं नसतं ते त्या टिकल्यांनी कळलं, टिकली दिसली की तो न बोलता उठायचा.

वजन उचलताना नक्की काय होतं? आपण श्वास कोंडून जोर लावतो, तो जोर पोटात खाली दाबला जातो, आणि खाली बरोबर ती ताजी शिवण असते. त्यामुळे नुसतं वजनच नाही, संडासला जोर करणं, सतत खोकला, हेही त्यातच आलं. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे एक लिटर पाणी एक किलो, अर्धी बादली धरली तरी हद्द पार.

पहिले दिवस, जवळून

दुर्बिणीचं ऑपरेशन झालेल्यांचा खांदा दुखतो, आणि ती बाई घाबरते की ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, हार्टचं तर नाही? पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साईड भरतात, तो थोडा राहतो, छातीखालच्या पडद्याला डिवचतो, आणि त्या पडद्याची नस आणि खांद्याची नस मानेत एकाच ठिकाणाहून निघतात म्हणून मेंदूला खांदा दुखल्यासारखं वाटतं. दोन-तीन दिवसांत जातं, चाललं की लवकर जातं. खांद्याबरोबर छातीत दडपलं किंवा दम लागला तर मात्र गॅस समजून बसू नका.

चालायचंच असतं, पडून राहायचं नसतं. हॉस्पिटलात दुसऱ्याच दिवशी उभं करतात, तेव्हा राग येतो, पण पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. म्हणजे विश्रांती म्हणजे अंथरूण नाही, विश्रांती म्हणजे वजन नाही, झाडू-पोछा नाही, पण गॅलरीतून हळूहळू दहा फेऱ्या आहेत. रोज दोन वाढवायच्या.

बाकीचं सगळं मला बायकांनी शिकवलं. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचं. खोकला, शिंक, हसू आलं तर उशी पोटाशी घट्ट धरायची, हॉस्पिटलमधून टॅक्सीने येताना लालबागच्या खड्ड्यांत तीच उशी कामी आली. परकराची नाडी सव्वा महिना विसरायची, दुर्बिणीवालीचं बेंबीतलं भोक बरोबर नाडीखाली येतं आणि घासून घासून लाल होतं, सैल गाऊन घालायचा. आमच्याकडे संडास मजल्याच्या टोकाला आणि भारतीय पद्धतीचा, तिथे उकिडवं बसून उठता येईना, तर तिसऱ्या खोलीतल्या वहिनींनी त्यांच्या सासऱ्यांसाठी आणलेली कमोडची खुर्ची धुऊन आणून दिली. हे कुठल्या कार्डावर लिहिलेलं नसतं.

अंगावरून थोडं लालसर, मग तपकिरी जातं, चार-सहा आठवडे जाऊ शकतं, साधं पॅड वापरायचं, आत घालायचं काही नाही. पण तासाभरात पॅड भिजत असेल, घाण वास येत असेल, १००.४ च्या वर ताप, जखमेतून पू, लघवी होत नसेल किंवा जळजळत असेल, एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, धाप लागत असेल, तर शेजारणीला विचारत बसायचं नाही, त्याच तासाला डॉक्टर.

आणि एक, काढलेली पिशवी तपासणीला पाठवतात. तो रिपोर्ट काही दिवसांनी येतो आणि बऱ्याच बायका तो आणायलाच जात नाहीत. जा, आणा, वाचून घ्या.

सव्वा महिना कोण देणार?

मला सगळ्यात जास्त जे म्हणायचंय ते हे आहे. बाळंतीण घरी आली की आपल्याकडे सव्वा महिना ठरलेला. ती पाण्यात हात घालत नाही, वजन उचलत नाही, अळीव, डिंक, गरम तूपभात, सगळं हातात. कोणी तिला विचारत नाही की कशाला झोपलीस. पिशवी काढल्यावर डॉक्टर सांगतात सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस दिवस, म्हणजे तेवढाच सव्वा महिना आणि वर चार-पाच दिवस! पण इथे बाळ नसतं, बारसं नसतं, बघायला कोणी येत नाही, आणि ही बाई चाळिशी-पंचेचाळिशीची, म्हणजे घराचा सगळा गाडा हिच्याच खांद्यावर. तिच्यासाठी कुठलीही रीत नाही. मग तिला स्वतःच्या तोंडाने रोज मागावं लागतं, आज पाणी भरा, आज भाकऱ्या कोणीतरी करा, आणि मागायची लाज वाटते म्हणून ती उठते आणि स्वतःच करते.

माझ्या सासूबाई म्हणाल्याच, "आमच्या वेळी आठव्या दिवशी चुलीपुढे." त्यांचा वाईट हेतू नव्हता, त्यांना खरंच तसं करावं लागलं होतं. आजींनी त्यांना काही सुनावलं नाही, फक्त पदर बाजूला करून पट्टा दाखवला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी कणिक मळायला घेतली.

मजल्यावरच्या बायकांनी मग वाटून घेतलं. एकीने सकाळचं पाणी, दोघींनी एकाआड एक दुपारचा डबा, कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने कपडे दोरीवर टाकायचे कारण हात वर करून ओलं ओझं टाकताना पोट ताणतं. आमची भिशी आहे बारा जणींची, त्या महिन्यात माझा नंबर नव्हता तरी एकमताने मला उचलून दिला. ८.२४ च्या लेडीज डब्यातल्या माझ्या मैत्रिणी, ज्यांची पूर्ण नावंही मला माहीत नाहीत, त्यांच्या ग्रुपवर मी ऑपरेशनचं टाकलं तर एका तासात चार जणींनी खाजगीत मेसेज केला की माझीपण काढलीय. सात वर्षं आम्ही एकत्र भाज्या निवडतोय, एकमेकींच्या मुलांचे मार्क पाठ आहेत, आणि हे कोणी बोललं नव्हतं. त्यातली एक रोज रात्री साडेनऊला फोन करायची, फक्त विचारायची, आज काय दुखतंय?

नोकरीचं म्हणाल तर, पगारातून ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे पैसे कापले जात असतील आणि ठरलेले दिवस वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणाच्या रजेचे साधारण सत्तर टक्के पगाराएवढे पैसे मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. शेजारणीला मी तिची पगाराची पावती बघायला लावली, कापले जात होते, तिला माहीतच नव्हतं. तिच्या पोळीभाजीच्या दोन घरांचं मात्र असं काही नाही, तिथे सव्वा महिना म्हणजे पैसे बुडाले किंवा काम गेलं. मी एका घरी तिच्यासोबत जाऊन बोलून आलेय, दुसऱ्या घरी जायचंय. ज्यांच्याकडे बाई कामाला आहे त्यांना हात जोडून सांगते, तिला तो सव्वा महिना पगारी द्या.

"बायका काहीबाही सांगून घाबरवतात"

हेही खरंच आहे. मला कोणी सांगितलं भात खाल्लास तर टाके पिकतील, कोणी म्हणालं आत पोकळी होते, कोणी म्हणालं आता तू सुटणार. भाताने टाके पिकत नाहीत, जखम भरायला डाळ, अंडी, मासे, दूध लागतं आणि पोट साफ राहायला भाजी, फळं, भरपूर पाणी. डिंकाचे लाडू प्रेमाने येतात, खा, पण रोज चार नको, पोट धरतं. पोकळी वगैरे राहत नाही, आतडी सरकून ती जागा घेतात. वजन पिशवीमुळे वाढत नाही, बसून आणि वयाने वाढतं.

आणि कुजबुजून विचारलेला प्रश्न, नवरा-बायकोच्या संबंधांचा. सहा आठवडे तरी नाही, आणि डॉक्टरांनी आतून तपासून टाके भरलेत असं सांगेपर्यंत नाही, काही डॉक्टर आणखी थांबायला सांगतात. त्यानंतर होतात, आणि ज्यांना वर्षानुवर्षं रक्त आणि दुखणं होतं त्यातल्या कित्येक जणी सांगतात की आधीपेक्षा बरं आहे. "बाईपण गेलं" हे वाक्य मला दोघींनी ऐकवलं. दोघींची पिशवी जागेवर होती. ज्यांची काढलेली होती त्यांच्यातली एकही असं म्हणाली नाही.

मी स्वतःपुरता एक नियम केला. कसं उठायचं, काय घालायचं, कोणाकडे मागायचं, हे जिचं झालंय तिला विचारायचं. रक्त, ताप, गोळ्या, टाके, हे डॉक्टरला.

रडू का येतं

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी भेंडी चिरताना रडायला लागले आणि थांबेचना. मला आणखी मूल नको होतं, पाळीचा तर वीट आला होता, मग काय गेलं म्हणून रडतेय हे कळेना. रात्री साडेनऊच्या फोनवर तिला सांगितलं, ती म्हणाली, मी इस्त्री करताना रडले होते. भूल, ॲनिमिया, झोपमोड, दुखणं, दिवसभर घरात बसून राहणं, सगळं मिळून मन हलतं, आणि ज्यात मुलं वाढली तो अवयव गेल्याचं वाईटही वाटतं, काही जणींना अजिबात वाटत नाही, दोन्ही ठीक. पण दोन आठवड्यांच्या वर रोज तसंच राहिलं, जेवण-झोप उडाली, तर डॉक्टरांना तेही सांगायचं, त्यावरही उपचार आहेत.

ज्यांच्या दोन्ही ओव्हरी काढल्यात त्यांचं वेगळं. एरवी पाळी काही वर्षांत हळूहळू जाते, इथे पंप एका दिवसात बंद. अंगातून वाफा, रात्री घामाने उशी ओली, चिडचिड, खाली कोरडेपणा, आणि पुढे हाडं ठिसूळ व्हायचा, हृदयाचा धोका. वय पंचेचाळीसच्या आत असेल तर हार्मोनच्या गोळ्या किंवा पॅच द्यायचे का हे डॉक्टरांशी बोलायलाच हवं, काही कॅन्सरमध्ये ते देत नाहीत, पण "सगळ्यांनाच होतं" म्हणून सोसत बसायची ही गोष्ट नाही. आणि पिशवी काढली पण तोंड ठेवलं असेल तर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, पॅप स्मिअर, पुढेही चालू ठेवायची.

शेजारीण काल केईएमला जाऊन आली. तिकडच्या डॉक्टरबाईंनी तीन महिने गोळ्या आणि लोहाची इंजेक्शनं दिलीत, म्हणाल्या, मग बघू, कदाचित लागणारही नाही. आजींना सांगितलं तर त्यांनी तिला जवळ बसवून डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, टिकल्यांचं पाकीट आण हो तरी, लागलं तर असावं घरात. आणून ठेवलंय, कपाटात, वरच्या फळीवर.